सव्वीस खुणा

त्या दिवशी खाणीच्या बागेत दोनशे सतरा झाडं होती. आंबे चौसष्ट, सीताफळं एकावन्न, कडुलिंब अडतीस, चिंचा बावीस, बोरी चौदा, आवळे अकरा, जांभळं नऊ, कवठं तीन, वड दोन, आणि जात ओळखता न आलेली रोपं तीन. खाणीच्या तोंडाशी उभा असलेला जुना लिंब यात धरलेला नाही. तो खाणीच्याही आधीचा. राधाकिशनने मोजणी दोनदा केली. पहिल्या खेपेला दोनशे सोळाच भरली, कारण एका आंब्याच्या रोपावर शिवकन्येने पळसाच्या पानांचं छप्पर घातलं होतं आणि त्याला तो पाचोळ्याचा ढीग वाटला.

"भाऊजी, माझं एक लेकरू चुकवलं तुमी," शिवकन्या म्हणाली. "हैदराबादला चार वर्सं हेच शिकलात का?"

"मोजताना चूक होतेच, वैनी. म्हणून तर दोनदा मोजायचं."

"आमी एकदाच मोजतो. पानी घालताना."

तिने कमरेवरची घागर रोपाच्या आळ्यात अर्धी रिती केली, उरलेली शेजारच्या आंब्याला घातली आणि पुन्हा ओढ्याकडे उतरली. चौसष्ट आंबे तिचे होते. बागेत कुणी तसं बोलून दाखवत नसे, पण होते. नांदूरघाटला तिच्या माहेरी एक आंबा होता, पातळ सालीचा, देठाशी हिरवाच राहणारा. ती लग्न होऊन आल्यावर सहाव्या वर्षी तो वाऱ्याने पडला. पडल्या झाडाच्या शेवटच्या कोया ती पदरात बांधून सिरसाळ्याला घेऊन आली होती. गेल्या फाल्गुनात त्यातल्या तीन झाडांना पहिल्यांदा मोहर दिसला.

कार्तिकात एकदा आवळ्याखाली जेवायचं ही घराची चाल जुनी. या बागेतल्या आवळ्याखाली जेवण्याचं हे सातवं वर्ष. बागेला कुंपण नव्हतं. गावातल्या कुणीही यावं, सावलीत बसावं, सीताफळं खावीत. शिवकन्येच्या सासूबाई तुळजाबाई यांची अट एकच: वर येताना ओढ्यातून एक घागर भरून आणायची आणि एका झाडाला घालायची. बाजाराला आलेले परळीचे व्यापारीसुद्धा टोपी काढून, डोक्यावर घागर घेऊन चढ चढताना दिसत, आणि वर आल्यावर कुठलं झाड कोरडं आहे ते तुळजाबाई बोटाने दाखवत.

पण यंदा, फसली तेराशे एक्केचाळीस सालात, पाऊस भाद्रपदातच थांबला. ओढ्याला बोटाएवढी धार उरली होती. राधाकिशनने घड्याळ लावून पाहिलं. एक घागर भरायला साडेसहा मिनिटं लागत होती.

म्हणून विहीर. आठ दिवसांपूर्वी पाणाड्या आला, तळहातावर नारळ आडवा धरून सगळी बाग फिरला, आणि जिथे नारळ उभा राहिला तिथे बाभळीची खुंटी ठोकून गेला. आज जेवणाआधी विहिरीचा गोल आखायचा होता. आखायला विहिरी खणणारा नबी येणार होता.

तो आला तेव्हा ऊन अंगाला लागू लागलं होतं. पुढे नबी, खांद्यावर सुतळीचं बंडल आणि हातात एक जुनी पट्टी; मागे त्याची आई हजराबी, डोक्यावर घागर, कडेला झेंडूच्या फुलांची पाटी.

"या हजराबी," तुळजाबाई आवळ्याखालून म्हणाल्या. "तुमी कशाला घागर आनली? तुमाला अट न्हाई."

"घरच्याला अट नसती का पाटलीनबाई?" हजराबींनी घागर उतरवली. "आन रिकाम्या हातानं वर आले तर मातीतनं तेच बोलतील मला, आजपस्तोर बोलले न्हाईत ते."

दोघी हसल्या. दर वर्षीप्रमाणे तुळजाबाईंनी कोरा शिधा सुपात काढून ठेवला होता. हजराबी पलीकडे तीन दगडांवर आपलं रांधत आणि मलिदा करून फुलांजवळ ठेवत. फुलांची जागा म्हणजे बागेच्या मध्यावरची पांढऱ्या दगडांची चौकट. तिच्याखाली हजराबींचा नवरा, जलालुद्दीन मुकादम, होता.

चौदा वर्षांपूर्वी इथे झाडं नव्हती, खड्डा होता. सरकारी सडकेच्या पुलांना लागणारा काळा दगड या खाणीतून निघे. जमीन विठ्ठलराव पाटलांची, काम एका गुत्तेदाराचं, आणि सुरुंग कुठे घालायचा ते सांगणारा माणूस जलालुद्दीन. माघातल्या एका दुपारी उत्तरेची कड सुटली आणि खाली आली. खाली तो एकटा होता. बाकीच्यांना त्याने हाका मारून बाहेर काढलं होतं. तीन दिवस दगड उपसले. चौथ्या दिवशी गुत्तेदार म्हणाला, उरलेली कड पण येईल, आणि त्याने काम थांबवलं. महिन्याभरात त्याच्या गाड्या गेल्या. पाथरवटांनी जाताना लिंबाच्या बुंध्याशी कमरेएवढा दगड रोवला. मुकादमाची जागा पुढे सापडावी म्हणून लिंबापासून तिथपर्यंत दोरी ताणून जितक्यांदा माप टाकलं, तितक्या आडव्या खुणा त्यांनी टाकीने त्यावर ओढल्या. सव्वीस. माथ्यावर एक खोल रेघ कोरली, दिशा दाखवणारी.

तीन वर्षांनी विठ्ठलराव गेले. त्यानंतर तुळजाबाईंनी गावतळ्यातला गाळ दर उन्हाळ्यात गाड्यांनी आणून खड्ड्यात टाकायला सुरुवात केली. कावून, असं कुणी विचारलं तर म्हणत, "उघडं पडलंय ते, झाकायला नको?"

*

नबीने खुंटीला सुतळीचं टोक बांधलं आणि गुडघे टेकून हातातली पट्टी जमिनीवर टाकली. शिसवी, दोन्ही टोकांना पितळी टोपणं, मधे बारीक खाचा.

"बारा फूट रुंद ना पाटील?"

"बारा," सुंदरराव म्हणाले. ते राधाकिशनचे थोरले भाऊ. बागेतली कामं आई ठरवी आणि सुंदरराव करून घेत. "धाकल्या, तुझी ती फीत आन. इलायती मापानं होऊन जाऊ दे."

नबीने खुंटीपासून पट्टी एकापुढे एक तीनदा टाकली, तिथे सुतळीला गाठ मारली. राधाकिशनने हैदराबादहून आणलेली फीत लावली. बरोबर सहा फूट.

"पुन्हा टाक बरं," तो म्हणाला.

"का बे नबी," सुंदरराव हसले, "शास्त्री बघाया लागला म्हनून हात कापतोय का तुजा?"

"हात न्हाई कापत पाटील. ह्याला चुकताच येत न्हाई. अब्बांचा गज हाय हा." नबीने पुन्हा तीनदा टाकला. पुन्हा सहा फूट. "दुसरा गज उचलला की अब्बा वरडायचे. परक्याच्या डोळ्यानं बघू नक्को म्हनायचे. अम्मीनं चौदा सालं खुंटीला टांगून ठिवलता. आज पयल्यांदा दिला. पाटलाची ईर हाय, नेकीचं काम हाय म्हनली."

राधाकिशनने गज हातात घेतला. खाचा मोजल्या. चोवीस. एका खाचेला एक इंच.

"हाच गज त्यांचा कायमचा? खाणीतसुद्धा हाच?"

"दुसरा कुठला चालायचा? खाणीत सगळे ह्यानंच मोजायचे."

राधाकिशनने वर पाहिलं. लिंबाखालचा दगड इथून दिसत होता. त्याच्या माथ्यावरची रेघ ज्या बाजूला रोखलेली होती त्याच ओळीत आधी ही खुंटी होती, आणि पुढे पांढरी चौकट. सकाळी झाडं मोजताना त्याने आणखी एक गोष्ट पाहिली होती आणि वहीत टिपली होती: उत्तरेच्या उघड्या कडेत एक उभी भेग, खुंटीच्या बरोबर समोर, आणि भेगेत शेवाळ. आजूबाजूचा सगळा दगड कोरडा असताना.

नबी गोल आखू लागला. राधाकिशन सुंदररावांना घेऊन चार पावलं बाजूला झाला.

"दादा, ते पांढरे दगड बसवताना तुमी कशानं मोजलतं?"

"कावून?"

"असंच."

"तुजं असंच कदी असंच नसतं." सुंदररावांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "बजाजाच्या कापडदुकानातला लोखंडी वार आनलता. सव्वीस खुना, सव्वीसदा टाकला. एकट्यानं. गाळाच्या गाड्या दुसऱ्या दिवशी येनार व्हत्या, मंग जागा कुठं दिसती? गाळ चढंल तसे दगड वर घेत गेलो."

"वार तीन फुटांचा असतो."

"मंग?"

"हा गज दोन फुटांचा आहे."

राधाकिशनने फीत उलगडली, दगडापाशी गेला, टोकावर एक धोंडा ठेवला आणि रेघेच्या दिशेने चालत आला. एकदा फीत पुरी झाली की तिथे काडी रोवायची आणि पुढे मोजायचं. त्याने दोन आकडे वहीत लिहिले. पांढरी चौकट: अठ्ठ्याहत्तर फूट. विहिरीची खुंटी: पन्नास फूट नऊ इंच. सव्वीस गुणिले दोन, बावन्न.

सुंदररावांनी आकडे वाचले नाहीत. त्यांना ती दुपार आठवत होती. तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते, वडील नुकतेच गेलेले, आणि घरातलं पहिलं काम एकट्याच्या अंगावर. वार टाकताना एकविसाव्या खुणेपर्यंत पडलेल्या दगडांचा ढीग मागे पडला होता आणि पायाखाली साफ तळ आला होता. दरड इतक्या लांब कशी आली असेल, असं त्यांच्या मनात आलं होतं. नक्की आलं होतं. पण खुणा सव्वीस होत्या, त्यांनी सव्वीस पुऱ्या केल्या, आणि घरी जाऊन आईला सांगितलं, झालं.

"हळू बोल," ते म्हणाले, राधाकिशन काही बोलत नव्हता तरी. "समज, चुकलं. पर हजराबी इतकी वर्सं तितंच फुलं ठिवती. तिच्या लेखी तो तितंच हाय. आता ते मोडाया निघालास व्हय?"

"मी काही मोडत नाही. विहीर थोडी सरकवता येईल का, ते बघतोय."

"मंग सरकव की! दहा हात हिकडं, दहा हात तिकडं."

"पाणी सरकणार नाही." राधाकिशनने कडेतली भेग दाखवली. "ती बघा. तिच्यात अजून ओल आहे. तीच भेग खाली तळातून खुंटीखाली जाते. बाकी सगळा तळ अखंड काळा दगड आहे, त्यात पाणी नाही. त्या भेगेमुळे दरड सुटली, दादा, आणि त्याच भेगेतून पाणी येतं. पाणाड्याचं बरोबर आहे. पाण्याची जागा आणि त्यांची जागा एकच आहे."

मागे घागर जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला. शिवकन्या उभी होती. किती वेळ उभी होती ते दोघांनाही कळलं नाही.

*

"आवो, तिकडं आत्याबाई जेवाया बोलवत्यात," ती नवऱ्याला म्हणाली. सुंदरराव गेले, त्यांना जायला कारण हवंच होतं.

शिवकन्येने पदराने मान पुसली. "भाऊजी, दुसऱ्या जागी पानी लागंल का?"

"लागेल थोडं. पाझर."

"किती?"

"खणल्याशिवाय सांगता येत नाही. पुरणार नाही, एवढं सांगता येतं."

"ओढा पौषात बंद व्हतोय." ती बोटांवर मोजत होती, झाडं नव्हे, महिने. "माघ, फाल्गुन, चैत, वैशाख, जेठ. सीताफळ तग धरतंय. लिंब, बोर, त्यास्नी काय बी व्हत न्हाई. आंबा न्हाई धरत." मग ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तुमी ती फीत आनलीच नव्हती असं धरलं तर?"

राधाकिशनला या प्रश्नाची अपेक्षा दादांकडून होती, वहिनीकडून नव्हती.

"धरलं," तो म्हणाला. "मी कुणाला बोलणार नाही. पण खणणार नबी आहे, वैनी. गाळ आणि दगड मिळून सतरा फूट. त्यानंतर खाणीचा तळ."

"मंग?"

राधाकिशनने वही मिटली.

शिवकन्या थोडा वेळ नबीकडे बघत राहिली. तो चुन्याने गोल रंगवत होता, मागे सरकत सरकत, आपल्याच पावलांवर पाय पडू नये म्हणून जपत. गोल पुरा झाल्यावर त्याने उभं राहून डोकं तिरकं करून पाहिलं, आणि जिथे रेघ जाड झाली होती तिथे बोटाने पुसली.

तिने घागर उचलली आणि पांढऱ्या चौकटीकडे गेली. काय बोलायचं ते तिने ठरवलं होतं: हजराबी, ऊन झालं, मलिदा ठेवा आणि घरला निघा, आज इथं मजूर यायचेत. एवढंच. बाई एकदा घरी गेल्या की उद्यापासून काम सुरू. नबीऐवजी दुसरा माणूस लावता येईल. पट्टीवडगावला वडार आहेत.

हजराबी चौकटीच्या आत फुलं मांडत होत्या. डोक्याच्या बाजूला जास्त, पायांकडे कमी.

"बस गं शिवकन्या. तुजे आंबे बघितले. एकाला लई पानं फुटलीत, खुंटीजवळच्या. त्याला काय घालती गं तू?"

"काय बी न्हाई. तितं आपोआपच..." ती थांबली.

"ह्यांच्याजवळ काय बी उगवत न्हाई बघ." हजराबींनी चौकटीतली कोरडी माती चिमटीत घेतली. "गवतसुदीक न्हाई. मी म्हनते, रागावलेत माज्यावर. त्या दिवशी सकाळी भांडन झालतं ना. भाकर न घेता गेलते. हर साल येते, सांगते, अवो, चुकलं माजं, आता तरी बोला. चौदा सालं झाली. एका बातीचा जवाब न्हाई." त्या हसल्या. "जिते व्हते तवा बी असंच. राग आला की चार दिस गप."

शिवकन्या बसली नाही. तिची घागर कमरेवरच होती आणि पाणी काठावरून तिच्या लुगड्यावर सांडत होतं.

"हजराबी," ती म्हणाली, "उठा जरा."

"कावून गं?"

"फुलं घ्या संगं. चला."

"अगं पर कुठं?"

"तुमी चुकीच्या जागी बोलत व्हता," शिवकन्या म्हणाली. "त्यास्नी ऐकू कसं येनार?"

*

चुन्याच्या गोलाभोवती सगळे जमले होते. आवळ्याखाली पत्रावळी मांडलेल्या, भात निवत होता. आधी सुंदरराव बोलले, मग राधाकिशन, मग पुन्हा सुंदरराव, आणि हजराबी एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होत्या. नबी खाली बसला होता. गज त्याच्या मांडीवर आडवा होता.

"एवढं बोलनं कशाला?" तुळजाबाई म्हणाल्या. "मोजा. सगळ्यांम्होरं मोजा. आन गजानं मोजा, फितीनं न्हाई."

"आई, झालंय मोजून—"

"मी बघितलं न्हाई."

त्या स्वतः लिंबापर्यंत गेल्या. दगडाच्या माथ्यावरच्या रेघेवर दोरीचं टोक दोन्ही हातांनी दाबून धरलं. दुसरं टोक राधाकिशनने ताणलं. नबीने दोरीला लावून गज टाकला. एक. त्याने अंगठ्याने जागा धरली, गज पुढे सरकवला. दोन. मोजत हजराबी होत्या, मोठ्याने, दखनी आकड्यांत, आणि पंधरानंतर त्यांचा आवाज बारीक होत गेला. तेवीसला नबी चुन्याच्या रेघेच्या आत आला. चोवीस. पंचवीस. सव्वीस. गजाचं पितळी टोपण खुंटीच्या पुढे, जेमतेम हातभर लांब, पडलं.

तिथे गवत होतं. हिरवं.

हजराबी खाली बसल्या. फुलांची पाटी बाजूला ठेवून त्यांनी गवतावर तळहात टेकला आणि उचलून पाहिला. ओला होता.

"पानी हाय का हितं, राधाकिशन?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"लई?"

"लई."

"मंग खंदा." त्यांनी मान वर केली नाही. "पानी देनं सवाबाचं, पुन्याचं काम हाय. पाटलीनबाईनं त्यास्नी माती दिली, झाडाची सावली दिली. दोनशे झाडं जगतील. त्यास्नी बी बरं वाटंल. खंदा."

सुंदररावांनी श्वास सोडला. "बघा, बाई स्वतः म्हनत्यात. आपन रीतीनं करू. काय निगालं तर मौलवीला बोलवू, नीट दफन करू. काय रे नबी?"

नबी सुतळी गुंडाळत होता. कोपरापासून अंगठ्यापर्यंत, सारखे वळसे. हजराबींनी त्याच्याकडे पाहिलं.

"नबी. बेटा. तू खंदशील?"

"तुमी सांगितलं तर खंदीन, अम्मी."

"मी सांगतेच हाय."

"मंग खंदतो." त्याचे वळसे थांबले नाहीत. "पर पाटील, मला एकच सांगा. पहार लागली तर दगडाला लागली का आनखी कशाला, हे मला आवाजावरनं कळतं. अब्बांनीच शिकवलंय. ते कसं न्हाई कळू द्यायचं, तेवढं सांगा."

सुंदररावांनी बायकोकडे पाहिलं. विहिरीचा शब्द त्यांनी तिला दिला होता; तिने मागितला नव्हता, त्यांनीच दिला होता, गेल्या फाल्गुनात मोहर बघून. ती काय बोलेल त्यावर आता सगळं होतं, आणि हे सगळ्यांना कळत होतं. तुळजाबाई लिंबापासून परत आल्या होत्या, पण सुनेच्या बाजूला नाही, तिच्यासमोर उभ्या राहिल्या.

"शिवकन्या, झाडं तुझी हायत," त्या म्हणाल्या. "मी माती टाकली, पानी तू घातलंस. तू म्हनशील ते."

"आत्याबाई, मला कावून इचारता?"

"दुसऱ्या कुनाचं काय जानार हाय हितं?"

शिवकन्येने घागर खाली ठेवली. खुंटीजवळच्या आंब्याकडे तिने एकदा पाहिलं, ज्याला न घालता पानं फुटत होती. मग वाकून बाभळीची खुंटी दोन्ही हातांनी धरली. ती चांगली आत गेली होती. पहिल्या हिसक्याला हलली नाही. सुंदरराव पुढे झाले, पण तिने मानेनेच नको म्हटलं. खुंटी डावी-उजवीकडे हलवून हलवून सैल केली आणि उपसली. भोकात तळाशी पाणी चमकत होतं. तिने ते पाहिलं, सगळ्यांनीच पाहिलं.

तिने पायाने माती लोटून भोक बुजवलं.

"भाऊजी," ती म्हणाली, "तो पाझर म्हनत व्हता तुमी, तो कुठल्या अंगाला?"

"दक्षिणेला. चिंचांच्या पलीकडे."

"नबी, तितं आखशील का गोल? आजच?"

नबी उठला. गज कपाळाला लावला आणि चिंचांकडे चालू लागला. सुंदरराव पांढऱ्या चौकटीकडे गेले, पहिला दगड उचलला आणि तो पोटाशी धरून हजराबी बसल्या होत्या तिथे घेऊन आले.

"वार बजाजाचा व्हता," ते म्हणाले. "टाकला मी. माजी चूक हाय, हजराबी."

"ठिवा हितं," हजराबी म्हणाल्या. "न्हाई, जरा हिकडं. डोकं त्या अंगाला हाय."

चौदा दगड होते. ते सगळे सुंदररावांनीच आणले, एकेक करून. शेवटचा दगड बसला तेव्हा हजराबी फुलं मांडायला लागल्या होत्या आणि हळू आवाजात काहीतरी बोलत होत्या. भांडत होत्या, असं शिवकन्येला वाटलं. ती लांब झाली.

जेवण त्या दिवशी उन्हं कलल्यावर झालं. भात गार होता.

*

दक्षिणेची विहीर नबीने पौषापासून चैत्रापर्यंत खणली. नऊ फुटांवर काळा दगड लागला. त्यापुढे सुरुंग. एकोणचाळीस फुटांवर काम थांबवलं. पाझराचं पाणी रात्रभर साचून सकाळी अकरा इंच भरे. ते शिवकन्या उजाडायच्या आत काढी. अट तुळजाबाईंनी बदलली नाही; लोक वर येताना गावातल्या आडाची घागर घेऊन येत.

राधाकिशनने पहिला पाऊस पडण्याच्या आठ दिवस आधी, जेठात, झाडं पुन्हा मोजली. दोनदा मोजली. दोन्ही वेळा आकडा एकच आला.

कडुलिंब अडतीस. सीताफळं त्रेचाळीस. चिंचा वीस. बोरी चौदा. आवळे सात. कवठं तीन. वड दोन. जांभूळ एक. जात न ओळखलेली दोन. आंबे एकोणीस.

एकूण एकशे एकोणपन्नास.